कोल्हिणीमागचा माणूस

तिला सगळे कॅमेरेवाली म्हणत. शेजारीपाजारी, विभागाचा शिपाई, आणि चिडवायची लहर आली की नवरासुद्धा. विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागानं शहरात ठिकठिकाणी कॅमेरे बांधून ठेवले होते. बंद पडलेल्या कत्तलखान्याच्या मागे, पाण्याच्या टाकीखालच्या उतारावर, दवाखान्याच्या भिंतीपलीकडच्या रानात, रेल्वेच्या वापरात नसलेल्या फाट्यालगत. समोरून अंगात ऊब असलेलं काही हललं की कॅमेरा आपोआप फोटो काढायचा. माणसं झोपल्यावर शहरात कोण कोण वावरतं, याची मोजदाद चालली होती. दर पंधरवड्याला ती पाठीवर पिशवी टाकून निघायची, कार्डं काढायची, बॅटऱ्या बदलायची आणि मग विभागाच्या तळघरातल्या खोलीत बसून फोटो एकेक करून बघायची.

त्यातले बहुतेक फोटो कशाचेच नसत. वाऱ्यानं हललेलं गवत, उन्हानं तापलेली फांदी, मांजर, पुन्हा तेच मांजर. मधूनच एखादं साळिंदर फेंगडं चालत जायचं, नाहीतर भिंतीवरून उदमांजर सरकायचं, आणि तिचा दिवस सार्थकी लागायचा. "आज कोण हजेरी लावून गेलं?" नवरा जेवताना विचारायचा. सासूबाई म्हणायच्या, "ज्यांना कुणी बोलावलं नाही ते सगळे. आपल्याकडे सुट्टीत येतात तसे."

नियम एकच कडक होता. माणसाचा फोटो आला की पुसायचा. कॅमेरे जनावरांसाठी आहेत, माणसांवर पाळत ठेवायला नाहीत, असं लिहून दिल्यावरच शहरानं परवानगी दिली होती. तिला तो नियम मनापासून पटलेला होता. आडोशाला बसणारे, बाटली घेऊन आलेले, चोरून भेटणारी जोडपी, सगळ्यांना ती न पाहिल्यासारखं करून पुसून टाकायची. आपल्याला असं कुणी पाहिलेलं आपल्याला चाललं असतं का, असं म्हणायची.

फाट्यालगतच्या कॅमेऱ्यात तो पहिल्यांदा आला तेव्हाही तिनं तसंच केलं. पण तो येतच राहिला. रुळांखालून पाणी जायला जुना रुंद पाइप होता, त्यात तो राहत असावा. दाढी वाढलेली, अंगात मळकं जाकीट, वय सांगता येऊ नये असा. संध्याकाळी पाइपाच्या तोंडाशी येऊन बसायचा. कधी बूट काढून उन्हात ठेवायचा. कधी कॅमेऱ्याजवळ यायचा, भिंगाच्या काचेत बघून केस विंचरायचा आणि परत जायचा. ते फोटो पुसताना तिला हसू यायचं. मग पुसायची.

त्याच पाइपाच्या पलीकडच्या तोंडाशी एका कोल्हिणीचं बीळ होतं. तिचा एक कान फाटलेला, म्हणून विभागात तिला कानफाटी म्हणत. आधी माणूस आणि कोल्हीण वेगवेगळ्या वेळी दिसायचे. मग वेळा जवळ येत गेल्या. आणि एका दिवेलागणीला एकाच फोटोत दोघं आले. पुढे कोल्हीण, कॅमेऱ्याकडे सरळ बघणारी. मागे पाइपाला टेकून बसलेला तो.

प्रकल्पप्रमुखांना, म्हणजे सरांना, तिनं तो फोटो दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले.

"हा पुसू नकोस. त्याचं तोंड तेवढं झाक आणि मूळ फोटो काढून टाक. नियमही पाळला जाईल आणि फोटोही राहील."

"सर, तो माणूस खंगत चाललाय. खोकत असावा असं वाटतं. फोटोंमधून कळतं."

"मग शहराच्या मदतकेंद्राला फोन कर. ते आपलं काम नाही, पण करायला हरकत नाही."

तिनं फोन केला. पलीकडची बाई पत्ता विचारत होती. फाटा, पाइप, बाभळीची झाडं, हे काही तिला पत्त्यात बसवता येईना. शेवटी "बघतो, माणूस पाठवतो" म्हणून तिनं फोन ठेवला, आणि आपण आपलं केलं असं कॅमेरेवालीला वाटलं. माणसाच्या चेहऱ्यावर तिनं करड्या रंगाचा चौकोन बसवला. मूळ फोटो पुसला. पुढे थंडीत त्या कॅमेऱ्यात नुसती कानफाटीच येत राहिली. गेला असेल कुठेतरी उबेला, असं तिनं धरलं.

शहराच्या वाचनालयात त्या फोटोंचं प्रदर्शन भरलं तेव्हा कोल्हिणीचा फोटो दारासमोरच, सगळ्यांत मोठा करून लावला होता.

प्रदर्शन चालू असतानाच एक बाई तळघरात आली. बस डेपोचा निळा कोट, गळ्यात ओळखपत्र, चेहऱ्यावर दिवसभर काचेआड बसणाऱ्या माणसाचा कोरडा थकवा. डेपोत तिकीट खिडकीवर असते म्हणाली. तिनं मोबाईल पुढे केला. त्यात प्रदर्शनातला तो फोटो होता.

"हा तुम्ही काढलात?"

"कॅमेऱ्यानं काढला. कॅमेरा मी लावलेला."

"मागं बसलाय तो माझा भाऊ आहे."

कॅमेरेवाली गोंधळली. "अहो, पण त्यात चेहरा कुठाय? तुम्ही कसं ओळखलंत?"

"तोंड तुम्ही झाकलंत. पाय नाही झाकलेत." खिडकीवालीनं बोटानं फोटो मोठा केला. "एक पाय पोटाशी, दुसरा लांब सोडलेला. लहानपणापासून असाच बसतो. येणारे-जाणारे अडखळतात म्हणून आई करवादायची. आणि हे जाकीट मी घेऊन दिलेलं आहे. खिसा मी शिवलाय, उलट्या रंगाच्या दोऱ्यानं."

खिडकीवालीनं मोबाईल खाली घेतला.

"तोंड का पुसलंत?"

"नियम आहे. कुणाची ओळख पटू नये म्हणून."

"आणि ओळख पटावी म्हणून मी दोन वर्षं वणवण फिरतेय," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. गाडी सुटल्याचं सांगावं तसं सांगितलं. "कुठं आहे ही जागा? मला न्याल?"

त्याच दुपारी दोघी निघाल्या. फाट्यापर्यंत बस जात नाही. शेवटच्या थांब्यापासून गोदामांच्या मागून चालत जावं लागतं. वाटेत खिडकीवालीनं स्वतःहूनच सांगितलं. भाऊ धाकटा. लिफ्टचा मेकॅनिक होता. खिशात कायम एखादा पाना, म्हणून कामावरचे त्याला पान्या म्हणायचे आणि पुढे घरातलेही म्हणायला लागले. त्याचा कामावरचा जोडीदार एका इमारतीत लिफ्टच्या खड्ड्यात पडून मेला. चूक पान्याची नव्हती, चौकशीतही तसंच निघालं. पण त्यानंतर तो कामावर गेला नाही. आधी घरात बसला. मग घरात बसवेना म्हणून चालायला लागला. सकाळचा जायचा, संध्याकाळी यायचा. मग दुसऱ्या दिवशी यायचा. मग कधीतरी यायचा.

"आणि एकदा आलाच नाही," ती म्हणाली. "भांडण नाही, तंटा नाही. लोक विचारतात, काही झालं होतं का घरात? काही झालं असतं तर बरं झालं असतं. सांगायला तरी काही असतं."

बाभळीला बांधलेला कॅमेरा कॅमेरेवालीनं दाखवला. खिडकीवाली जवळ गेली, वाकून बघितलं, आणि खोडामागची लोखंडी पट्टी चाचपडली.

"हे नट कुणी आवळले?"

कॅमेरेवाली घुटमळली. "वादळात कॅमेरा खाली झुकला होता. त्या पंधरवड्यात सगळे फोटो मातीचे आले. मग एकदम एक हात आला, अगदी जवळ, आणि त्यानंतर सगळं सरळ. मी यायच्या आधीच कुणीतरी बसवून ठेवला होता."

"कुणीतरी," खिडकीवाली म्हणाली. "हात बघितलात ना?"

"बघितला."

"मग?"

"पुसला."

 पट्टीवरचा हात खिडकीवालीनं बराच वेळ काढला नाही.

पाइपाच्या तोंडाशी कॅमेरेवाली पहिल्यांदाच जात होती. आत वाकून पाहिलं तर जागा झाडून काढल्यासारखी होती. एका बाजूला पुठ्ठे नीट रचलेले, विटांवर एक डबा, डब्यात तारेचे तुकडे, वायसर, दोन-तीन पाने. अंथरूण नव्हतं. पलीकडच्या तोंडातून उजेड येत होता आणि कोल्ह्याचा उग्र दर्प.

पलीकडच्या चालू रुळांच्या तपासणीला निघालेला एक गँगमन त्यांना बघून थांबला. इथं काय करताय म्हणून आधी दरडावलं, मग खिडकीवालीच्या गळ्यातलं ओळखपत्र बघून आवाज उतरवला. तिनं पाइपात राहणाऱ्या माणसाचं विचारलं.

"तो होय? त्याला नेला हो. थंडीच्या कडाक्यात. मीच गाडी बोलावली. नुसता कण्हत होता, बोलता येत नव्हतं. अंथरूणही त्याच्यासोबतच गेलं, सोडेना."

"कुठं नेला?"

"सरकारी दवाखान्यात. आणखी कुठं नेणार?"

दुसऱ्या दिवशी खिडकीवालीनं रजा टाकली. कॅमेरेवालीला जायचं काही कारण नव्हतं, पण ती गेली. दवाखान्यात दाखल झालेल्यांत पान्याचं नाव नव्हतं, कारण नाव कुणाला माहीतच नव्हतं. या खिडकीवरून त्या खिडकीवर करत दोघी शेवटी मागच्या इमारतीतल्या कारकुनाकडे पोचल्या. अनोळखी म्हणून आलेल्या आणि अनोळखीच राहिलेल्या माणसांचे फोटो त्याच्या संगणकात होते. कारकून भला माणूस होता. त्यानं खुर्च्या दिल्या, पाणी मागवलं आणि म्हणाला, "सावकाश बघा. घाई नाही. थांबा म्हणालात की मी थांबेन."

फोटो सरकायला लागले. डोळे मिटलेले चेहरे, एकामागून एक. कॅमेरेवालीला आपल्याच तळघरात बसल्यासारखं वाटायला लागलं, आणि त्या वाटण्याची तिला शिसारी आली.

तिनं ओळखला. खिडकीवालीच्या आधी तिनं ओळखला. बहिणीनं त्याला दोन वर्षं पाहिलं नव्हतं. कॅमेरेवालीनं मात्र त्याला दाढी वाढताना, गाल बसताना, पंधरवड्या-पंधरवड्यानं पाहिलं होतं. पण हे आपण कसं सांगायचं, म्हणून ती गप्प राहिली. फोटो पुढे सरकला.

"मागं घ्या," खिडकीवाली म्हणाली.

कारकुनानं घेतला.

"हाच," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "केस विंचरले नाहीत कुणी त्याचे."

न्युमोनिया, असं कागदावर होतं. वारसांची वाट बघायची मुदत संपली होती आणि शहराच्या खर्चानं अंत्यविधी उरकूनही झाला होता. बेवारस, असा शिक्का होता. खिडकीवालीनं त्यावर बोट ठेवलं.

"बेवारस कसा? आई आहे, मी आहे की."

"बाई, ते लिहायची पद्धत आहे," कारकून म्हणाला. पण त्यालाही ते बोलून बरं वाटलं नसावं, कारण उठून तो उगीचच कपाटातल्या फायली नीट करत बसला.

बाहेर आल्यावर खिडकीवालीनं एकच मागणं केलं. "झाकलेला नको, खरा फोटो द्या. तो जिवंत असतानाचा शेवटचा आहे तो. दवाखान्यातला मी आईला दाखवू शकत नाही."

मूळ फोटो नव्हता. कॅमेरेवालीनंच काढून टाकला होता. तरी तिनं जुनी कार्डं शोधली, फोटो परत मिळवून देणाऱ्या दुकानात नेली. दुकानदारानं खूप खटपट केली. त्याच कार्डांवर पुन्हा पुन्हा नवे फोटो साठले होते. हाती लागलं ते मांजर आणि गवत. सरांना विचारलं तर ते म्हणाले, "सापडला असता तरी देता आला नसता. आज बहीण येईल, उद्या पोलीस येतील, परवा वसुलीवाले येतील. नियम एकासाठी मोडला की सगळ्यांसाठी मोडतो." त्यांचं खोटं नव्हतं. तरी तिला ते पटलं नाही.

घरी तिनं हे सांगितलं तेव्हा नवरा गंभीर झाला. सासूबाई भांडी पुसता पुसता ऐकत होत्या. "तुझी चूक नाही गं," त्या म्हणाल्या. मग हातातलं ताट खाली ठेवून म्हणाल्या, "पण तिच्या आईला जाऊन भेट. चूक नसली तरी जावं लागतं."

खिडकीवालीचंही तेच म्हणणं होतं. "मी सांगितलं तर आईला वाटेल, तिनं शोधायचा लकडा सोडावा म्हणून सांगतेय. तुम्ही त्याला पाहिलंय. तुम्ही सांगा."

रविवारी दुपारी ती गेली. प्रदर्शन संपल्यावर फोटो टाकूनच देणार होते, तो तिनं मागून घेतला होता आणि कागदात गुंडाळून बरोबर आणला होता. जिना चढताना त्याची कड कठड्याला घासत होती. दोन खोल्यांचं घर. आई खिडकीशी स्टुलावर बसली होती. हाडापेरानं मोठी बाई, गुडघ्यांवर पालथे ठेवलेले हात. तो गेल्याची बातमी तेवढी मुलीनं शेवटी सकाळीच सांगून ठेवली होती, बाकीचं कॅमेरेवालीवर सोडलं होतं. रडून झालं होतं की रडायचं राहिलं होतं, ते कळत नव्हतं.

"बसा," ती म्हणाली. "काय करायचा तो तिथं?"

कॅमेरेवालीनं सांगितलं. बूट उन्हात ठेवायचा. जागा झाडून ठेवायचा. भिंगात बघून केस विंचरायचा. कॅमेरा पडला होता तो त्यानं बसवला. कोल्हीण अगदी जवळ येऊन बसायची आणि तो तिला हुसकावत नसे. आठवेल ते सगळं ती सांगत गेली. फोटो पुसले असले तरी डोळ्यांपुढून एकही गेलेला नव्हता, हे तिला बोलता बोलताच कळत होतं.

आईनं मान न हलवता ऐकून घेतलं. "म्हणजे तुम्ही त्याला पुष्कळ पाहिलंत."

"हो, मावशी."

"मग हाक का नाही मारलीत?"

"मला त्याचं नाव माहीत नव्हतं."

"नाव नसलं तरी हाक मारता येते. ओ दादा म्हणायचं. अहो म्हणायचं. रस्त्यात कुणाचा रुमाल पडला तर मारतो ना आपण?"

"आई," खिडकीवाली म्हणाली.

"तिला बोलू दे."

कॅमेरेवालीनं ओढणीचं टोक मुठीत धरलं. "मी दिवसा जायचे. तो दिसायचा नाही. पण मी पाइपाजवळही कधी गेले नाही. आत असला तर त्याला ओशाळवाणं होईल, असं मी मनाशी म्हणायचे." ती थांबली. "आणि मला भीती वाटायची."

"त्याची?"

"हो."

 खाली कुणीतरी मोटारसायकल चालू करत होतं, ती चालू होत नव्हती.

"आम्हालाही वाटायची," आई म्हणाली. "शेवटी शेवटी. नुसता बघत बसायचा. कधी हात उगारला नाही हो कुणावर, तरी वाटायची. मी माझ्या खोलीला आतून कडी लावून झोपायचे. पोटचं पोर, आणि कडी. त्याला ती लावल्याचा आवाज जायचा. जातोच ना, एवढ्याशा घरात."

"आई, पुरे आता."

"एके दिवशी त्यानं कडीला तेल घातलं. म्हणाला, करकरते, तुझी झोप मोडत असेल." तिनं पालथे हात सुलटे केले आणि त्यांच्याकडे बघत राहिली. "त्यानंतर गेला तो."

खिडकीवालीला हे ठाऊक नसावं. ती भिंतीला टेकून उभी होती ती हळूहळू खाली बसली.

कॅमेरेवालीनं अखेर कागद सोडवून फोटो पुढे केला. आईनं तो मांडीवर घेतला. कोल्हिणीकडे पाहिलं, फाटक्या कानाकडे पाहिलं, मग लांब सोडलेल्या पायावरून बोट फिरवलं. करड्या चौकोनापाशी येऊन बोट थांबलं. तिनं तो नखानं जरासा खरवडून पाहिला. खाली काहीच नव्हतं.

"हा न्या परत," ती म्हणाली. "तुम्ही आणलात, चांगलं केलंत. पण तोंड नसलेलं पोर मी भिंतीवर लावणार नाही."

"दुसरा नाहीये, मावशी."

"माहीत आहे. म्हणून रागावत नाही."

चहा झाला.  निघताना आई उठली नाही, पण "जिन्यात अंधार आहे, सांभाळून" एवढं म्हणाली.

खिडकीवाली थांब्यापर्यंत सोडायला आली. दोघींच्या मधे तो फोटो होता. एकदा हिनं धरला, मग तिनं. प्रदर्शनातले फोटो लोक टाकूनच देतात का, असं खिडकीवालीनं विचारलं, आणि हो म्हटल्यावर म्हणाली, "मग माझ्याकडे राहू दे. डेपोतल्या कपाटात ठेवीन. आईला नको सांगू."

पहिल्यांदाच तिनं अहो-जाहो सोडलं होतं.

"नाही सांगणार."

"कडीचं मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "मी त्या वर्षी रात्रपाळीला होते. सकाळी घरी यायचे तेव्हा दोघं चहा पीत बसलेले असायचे. मला वाटायचं, चाललंय बरं."

बस वळणावर दिसली. खिडकीवालीनं सवयीनं पाटी वाचली, ही तुझी नव्हे म्हणाली, मागची घे. मग फोटो काखेत मारून, मागची येईपर्यंत तिथंच उभी राहिली.